ऐकू फारच कमी येतंय? जास्त पॉवरचं कानाचं मशीन घेण्याआधी हे वाचा

रत्नागिरी : कोकणातल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला असतंच. त्यामुळे गावाकडे कुणाचे कान फारच गेले की त्यांना बोरिवली, अंधेरी, मुलुंड नाहीतर घाटकोपरच्या नातेवाइकांकडे धाडलं जातं. तिथे स्टेशनच्या आसपास श्रवणयंत्राची दुकानं भरपूर आहेत. अर्ध्या तासात मशीन कानाला लागतं, हजारो रुपये मोजले जातात आणि माणूस गावी परत येतो. पुढे महिन्याभरात ते मशीन शिट्टी मारायला लागतं, "नुसता गोंगाट होतो" म्हणून कपाटात जातं. पैसे गेले आणि माणूस पुन्हा एकटा पडला, असं अनेक घरांत झालेलं आहे.

थोडं कमी ऐकू येणाऱ्यांचं कशाही मशीनवर थोडंफार भागतं. ज्यांना जवळून ओरडल्याशिवाय कळत नाही, त्यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी मशीन निवडताना क्रम असा ठेवायचा : आधी तपासणीचा रिपोर्ट, मग मशीनची ताकद, मग कानाचा साचा आणि सेटिंग. दिसणं, ब्लूटूथ आणि कंपनीचं नाव या गोष्टी सगळ्यात शेवटी.

रिपोर्ट कसा वाचायचा

कानाच्या तपासणीनंतर जो आलेख मिळतो त्याला ऑडिओग्राम म्हणतात. त्यावर उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्या कानासाठी निळी फुली असते. खुणा जितक्या खाली तितकं ऐकू कमी. आकडे डेसिबलमध्ये असतात. साधारण ७० ते ९० डेसिबलच्या दरम्यान खुणा असतील तर दोष तीव्र आणि ९० च्याही खाली गेल्या तर अतितीव्र समजतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे दोन्ही कानांत ७० डेसिबल दोष असलेली व्यक्ती कर्णबधिर धरली जाते.

आलेखात डावीकडे जाड आवाज आणि उजवीकडे बारीक आवाज असतात. बऱ्याच जणांचे डावीकडचे आवाज थोडे शिल्लक असतात, उजवीकडचे गेलेले असतात. मग ढोल, ट्रॅक्टर, दार आपटलेलं कळतं, पण "सात" म्हटलं की "हात" की "आत" ते कळत नाही. "त्यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं," असं घरचे म्हणतात ते यामुळेच. त्यात त्या माणसाचा दोष नसतो.

तपासणीच्या आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून कान बघून घ्यावा. मळ साचलेला असेल, पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर आधी त्याचा इलाज. वाहत्या कानात घट्ट साचा बसवला तर त्रास वाढतो. काही दोष औषधाने किंवा ऑपरेशनने कमी होतात, तिथे मशीनची घाई कशाला? आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येणं बंद झालं तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सणवार किंवा शेतीची कामं उरकेपर्यंत थांबू नका.

जास्त पॉवरचं म्हणजे नेमकं कोणतं

कानात लपणारं छोटं मशीन सगळ्यांना आवडतं, कारण लोकांना दिसत नाही. पण एवढ्याशा डबीत अतितीव्र दोषाला पुरेल इतकी ताकद साधारणपणे बसत नाही. अशा कानासाठी कानामागे अडकवायचं मोठं मशीन लागतं. कंपन्या त्याला सुपर पॉवर किंवा अल्ट्रा पॉवर म्हणतात, खोक्यावर एसपी किंवा यूपी अशी अक्षरं असतात. फोनाकचं नाइडा, ओटिकॉनचं एक्सीड, रिसाउंडचं एन्झो ही त्या गटातली नावं. पण नावापेक्षा आपल्या रिपोर्टातला दोष त्या मॉडेलच्या क्षमतेत बसतो का, हे विचारावं. प्रत्येक मॉडेलचा माहितीपत्रकात तसा आलेख असतो. तो आपल्या ऑडिओग्रामशेजारी धरून दाखवायला सांगा. दोष आज त्या रेषेच्या काठावर असेल तर पुढे वाढल्यावर मशीन अपुरं पडेल. म्हणून थोडी ताकद शिल्लक असलेलं घ्यावं.

उलट बाजूही आहे. ही मशीनं १३० डेसिबलच्या वर आवाज काढू शकतात. आजोबांचं मशीन पडून आहे म्हणून ते आजीला किंवा नातवाला लावून बघणं धोक्याचं आहे. ज्याचा दोष कमी आहे त्याचं उरलंसुरलं ऐकणंही त्याने बिघडू शकतं. चष्म्याचा नंबर जसा ज्याचा त्याचा, तसंच हे.

साचा नीट नसेल तर सगळं फुकट

पाच एचपीची मोटार बसवली आणि पाइप जागोजागी गळका असला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. इथे पाइप म्हणजे कानात बसणारा साचा, ज्याला दुकानात मोल्ड म्हणतात. मोठ्या ताकदीच्या मशीनला तयार मिळणारी रबरी टोपी चालत नाही. कानात मऊ लगदा भरून माप घ्यावं लागतं आणि त्यावरून त्या कानापुरता साचा बनतो. तो सैल असला की आवाज बाहेर गळतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. मग शिट्टी बंद करायला आवाज कमी केला जातो आणि ऐकूच येत नाही. पैसे दिलेली ताकद वापरलीच जात नाही.

साचा कडक ॲक्रिलिकचा किंवा मऊ सिलिकॉनचा असतो. मऊ साचा चांगला घट्ट बसतो, कडक जास्त टिकतो. लहान मुलांचा कान वाढत असतो म्हणून त्यांचा साचा काही महिन्यांनी बदलावाच लागतो. साच्याची नळी पिवळी, कडक झाली की ती नवीन टाकून घ्यावी. हा खर्च थोडा असतो आणि मशीनचा गुण निम्मा त्यावर असतो.

सेटिंग आणि चाचणी

आजची डिजिटल मशीनं संगणकाला जोडून रिपोर्टप्रमाणे सेट करावी लागतात. हे काम ऑडिओलॉजिस्टचं. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात काही वावगं नाही. कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्यापाशी किती पोचतो ते मोजण्याची सोय असेल तर उत्तम. नसेल तर मशीन लावून पुन्हा तपासणी करून दाखवायला सांगा. मशीनशिवायच्या आणि मशीनसहच्या खुणांत किती फरक पडला, ते कागदावर दिसलं पाहिजे.

दुकानातली खोली शांत असते, तिथे सगळ्यांनाच बरं ऐकू येतं. म्हणून मशीन लावून बाहेर रस्त्यावर यावं, घरच्या माणसाने मागून आणि बाजूने हाक मारून बघावी, फोनवर बोलून बघावं. मोठ्या आवाजाने कानात कळ येत असेल तर लगेच सांगावं, वरची मर्यादा कमी करता येते. काही दिवस घरी वापरून बघायला मिळत असेल तर ते आधी ठरवून घ्या आणि परतीची अट बिलावर लिहून घ्या.

दोन्ही कानांत दोष असेल तर शक्यतो दोन मशीनं लावतात. त्याने आवाज कुठून आला ते कळतं, गोंगाटातही थोडं सोपं जातं. पैसे एकाचेच असतील तर कोणता कान, हे तपासणी करणाऱ्यांना विचारावं. ज्या कानाने शब्द जास्त स्पष्ट समजतात तो बहुधा निवडला जातो.

सेल, घाम आणि पावसाळा

मोठ्या मशीनला बहुधा ६७५ किंवा १३ नंबरचा सेल लागतो. ६७५ च्या सेलवर निळी पट्टी असते, १३ वर नारिंगी. पट्टी काढल्यावर सेल हवा घेतो, त्यामुळे मिनिटभर थांबून मग मशीनमध्ये टाकावा. पट्टी एकदा काढली की सेल वापरा अगर न वापरा, तो संपत जातो. पोरांनी सेल गिळला तर जिवावर बेतू शकतं, वापरलेले सेलसुद्धा त्यांच्या हाती लागू देऊ नका. चार्जिंगचं मशीन सोयीचं असतं, पण वीज वारंवार जाते तिथे एका चार्जिंगमध्ये पूर्ण दिवस निघतो का ते विचारूनच घ्यावं.

कोकणातला पाऊस आणि शेतातला घाम हे मशीनचे शत्रू. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावं. अंघोळ, पोहणं, फवारणी करताना काढून ठेवावं. आणि विकत घेण्याआधीच विचारा : बिघडलं तर दुरुस्ती कुठे? मुलुंडला घेतलेलं मशीन तीनशेहून जास्त किलोमीटर परत नेणं दर वेळी जमत नाही. चिपळूण, रत्नागिरी किंवा कोल्हापुरात त्या कंपनीचं काम होतं का, आणि सेटिंग मोबाईलवरून दुरून बदलता येतं का, हे आधी कळलेलं बरं.

सरकारी वाट

मुंबई उपनगरात वांद्रे पश्चिमेला, रेक्लेमेशन भागात अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ९ ऑगस्ट १९८३ ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे. तपासणी, मशीन, साचा आणि बोलण्याचं शिक्षण हे सगळं तिथे एका आवारात होतं. बोरिवली, अंधेरीहून थेट लोकल आहे. मुलुंड, घाटकोपरला उतरलेल्यांनी दादरला गाडी बदलून वांद्रे गाठावं. खासगी दुकानात मशीन घ्यायचं ठरलं असलं तरी आधी इथे रिपोर्ट काढून घेतला तर फसगत टळते.

केंद्राच्या एडिप योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना मशीन मिळतं. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, त्यावर ३०,००० पर्यंत निम्मी. दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि फोटो जवळ ठेवावेत. एकदा मशीन घेतल्यावर साधारण तीन वर्षं पुन्हा मिळत नाही, १२ वर्षांखालच्या मुलांना ही अट एका वर्षाची आहे. म्हणून शिबिरात मशीन हातात पडलं की ते आपल्या रिपोर्टाला पुरतं का, साचा मापाचा आहे का, हे तिथेच विचारावं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना ३,००० रुपये मिळतात. त्यात श्रवणयंत्र बसतं, पण अतितीव्र दोषाच्या मशीनला तेवढी रक्कम पुरेल असं धरून चालू नये.

मशीनही पुरत नसेल तर

योग्य ताकद, नीट साचा, बरोबर सेटिंग, काही महिने रोजचा वापर, एवढं करूनही शब्द कळत नसतील तर आणखी महागडं मशीन घेऊन उपयोग होत नाही. मग कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल विचारायचं. यात ऑपरेशन करून आतल्या कानात बारीक तार बसवतात आणि ती नसेला थेट विजेचे इशारे देते. मोठ्या माणसांनाही ते करता येतं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र एकेक महिना मोलाचा आहे. मूल भाषा शिकतं ते पहिल्या काही वर्षांत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी एडिप योजनेतून इम्प्लांटची सोय आहे, पण ती पाच वर्षं वयापर्यंतच. "बापही उशिरा बोलला होता, हाही बोलेल," असं म्हणत चार वर्षं काढली तर ती परत मिळत नाहीत. आवाजाला बाळ दचकत नसेल, वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नसेल तर आशाताई किंवा अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयापर्यंत पुढची तपासणी होते. तान्ह्या बाळाचीही बेरा नावाची चाचणी झोपेत करता येते.

घरच्यांसाठी

मशीन लावलं म्हणजे पहिल्यासारखं ऐकू येईल असं नाही. वर्षानुवर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला शांत खोलीत दोन-तीन तास, मग हळूहळू दिवसभर वापर वाढवावा. बोलताना समोर यावं, तोंडावर उजेड असावा, टीव्ही बंद करावा आणि ओरडण्यापेक्षा सावकाश बोलावं. अंतर निम्मं केलं तरी आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे दोन पावलं जवळ जाण्यालाही किंमत आहे.

खरेदीला जाताना हे विचारा

- तीन महिन्यांच्या आतला ऑडिओग्राम आहे का, त्याची प्रत आपल्याकडे आहे का?
- हे मॉडेल आपल्या दोषाला पुरतं का, आणि दोष वाढला तर?
- साचा कानाचं माप घेऊन बनवणार का, किमतीत धरलाय का?
- मशीन लावून पुन्हा तपासणी करून दाखवणार का?
- पुढची सेटिंग किती वेळा मोफत?
- वॉरंटी किती वर्षांची, दुरुस्ती कुठे, सेल कुठे मिळतात?

या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर त्या दिवशी पैसे न देता परत फिरावं. आणखी दोन ठिकाणी विचारलं तर काही बिघडत नाही.