मोठ्या मॉनिटरला आर्म घेताय? इंच नंतर, आधी वजन आणि टेबल बघा

बेळगाव : पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरी बसून करणारी पोरं आता टिळकवाडी, अनगोळ, वडगावात गल्लोगल्ली आहेत. उद्यमबागेत कास्टिंगचं, मशीनच्या सुट्या भागांचं ड्रॉइंग करणारे आहेत, प्रेसमध्ये पानं लावणारे आहेत. लॅपटॉपच्या १५ इंची पडद्यावर दिवसभर मान घालून भागत नाही, म्हणून २७, ३२, अगदी ३४ इंची रुंद मॉनिटर घरात येतात. मग लक्षात येतं की मॉनिटरच्या स्टँडनंच अर्धं टेबल खाल्लं. वही ठेवायला जागा नाही, आणि पडदाही हवा त्या उंचीवर येत नाही. तिथून मॉनिटर आर्मचा शोध सुरू होतो.

आर्म म्हणजे टेबलाच्या कडेला शिकंज्यासारखा आवळून बसवायचा लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा हात. त्याच्या टोकाला मॉनिटर अडकवायचा. पुढे-मागे, वर-खाली, बाजूला कसाही फिरवता येतो. ऑनलाइन दीड-दोन हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मिळतात. बहुतेक जण एकच गोष्ट बघून ऑर्डर देतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, "१७ ते ३२ इंच". आपला ३२ इंची, म्हणजे बसला.

इथंच गडबड होते. ओळखीतल्या एका घरात ३४ इंची मॉनिटर असाच बसवला होता. पहिले काही आठवडे छान वाटलं. मग पडदा हळूहळू खाली मान टाकायला लागला, आणि दोन महिन्यांत टेबलाची मागची कड फुगून फुटली. मॉनिटर पडला नाही, कारण घरच्यांनी वेळेत बघितलं. आर्म वाईट नव्हता, टेबलही फार वाईट नव्हतं, पण दोघांची जोडी चुकली होती. तीस-चाळीस हजारांची वस्तू ज्याच्या भरवशावर हवेत लटकणार, त्याची निवड इंचावर करायची नाही. ती कशावर करायची, ते एकेक करून बघू.

पहिलं : वजन, आणि तेही स्टँडशिवायचं

आर्मला इंच कळत नाहीत, किलो कळतात. एकाच ३२ इंची आकारात एक मॉनिटर ५ किलोचा असतो, तर दुसरा ८ किलोच्या पुढचा. ३४ इंची रुंद मॉनिटर साधारण ६ ते ८ किलोचा, आणि ४९ इंची अतिरुंद घेतला तर बहुतेकदा १० किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त.

मॉनिटरच्या माहितीपत्रकात दोन वजनं दिलेली असतात, स्टँडसह आणि स्टँडशिवाय. आपल्याला दुसरं हवं. ते सापडलं नाही तर घरातल्या वजनकाट्यावर आधी आपण एकटे उभे राहायचं, मग स्टँड काढलेला मॉनिटर हातात धरून. वजाबाकी केली की काम झालं.

आता आर्मची क्षमता बघा. तिथं एक आकडा नसतो, दोन असतात : कमीत कमी आणि जास्तीत जास्त. लोक वरचा बघतात, खालचा विसरतात. आर्ममध्ये गॅसची नळी किंवा स्प्रिंग असते, ती सतत वर उचलत असते. मॉनिटरचं वजन आणि हा जोर बरोबरीत आले तरच पडदा सोडू तिथं थांबतो. मॉनिटर फार हलका असेल तर आर्म तो वर नेऊन ठेवतो आणि खाली येऊच देत नाही.

उदाहरण घ्या. अर्गोट्रॉन या कंपनीचा एलएक्स नावाचा जुना, माहितीतला आर्म ३.२ ते ११.३ किलोसाठी आहे. त्यांचाच मोठा एचएक्स ९.१ ते १९.१ किलोसाठी आहे. "पैसे आहेत तर मोठाच घेऊ" म्हणून ६ किलोच्या मॉनिटरला एचएक्स लावला तर तो नीट चालणार नाही. महाग घेणं म्हणजे योग्य घेणं नव्हे. आपल्या मॉनिटरचं वजन त्या पट्ट्याच्या मध्याजवळ यावं. ८ किलोच्या मॉनिटरला "कमाल ९ किलो" लिहिलेला स्वस्त आर्म घेऊ नये. वर दोन-तीन किलोची मोकळीक हवी.

दुसरं : वक्र पडदा असेल तर

वक्र मॉनिटरच्या दोन्ही बाजू पुढं येतात, त्यामुळं वजनही पुढं सरकतं. आर्मच्या टोकाला जिथं मॉनिटर वर-खाली वाकतो, त्या सांध्यावर ताण येतो. किलोच्या हिशेबात सगळं बसतं, तरीही पडदा खाली मान टाकतो. तो सांधा आवळायला बोल्ट असतो. तो पूर्ण आवळूनही मान झुकत असेल तर आर्म त्या पडद्यासाठी नाही, असं समजा. जास्त वक्र आणि अतिरुंद मॉनिटरसाठी काही कंपन्या जाड सांधा वेगळा देतात. तसा उल्लेख असेल तरच घ्या.

तिसरं : मागची चार भोकं

मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंची भोकं चौकोनात असतात. या मापाला 'व्हेसा' म्हणतात. ही प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या नावावरून हे नाव पडलं, आणि १९९७ पासून ते चालू आहे. भोकांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटर असतं आणि स्क्रू एम४ मापाचा. मोठ्या मॉनिटरला कधी २०० बाय १०० किंवा २०० बाय २०० असतं. तिथं वेगळी पट्टी लागते, आणि स्क्रूही अनेकदा एम६ असतो.

काही मॉनिटरना ही भोकंच नसतात. काहींची भोकं खोलगट खड्ड्यात असतात, तिथं आर्मची सपाट पट्टी टेकत नाही. मधे घालायचे छोटे नळकांडे लागतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी स्टँड काढून पाठ बघा, पट्टीनं माप घ्या. आणि लक्षात ठेवा, व्हेसाचं माप जुळलं म्हणजे फक्त स्क्रू बसणार. वजन पेलणार की नाही, हा प्रश्न वेगळाच.

चौथं : टेबल, जे कुणीच बघत नाही

इथं थोडा हिशेब करू. मॉनिटर ८ किलोचा, आणि आर्म ताणून तो कडेपासून ५० सेंटिमीटर पुढं आणला. ८ गुणिले ५०, म्हणजे ४००. हा सगळा पीळ टेबलाच्या कडेला आवळलेल्या शिकंज्यानं पेलायचा. शिकंज्याच्या वरच्या पट्टीची पुढची कड आणि खालची दाबणारी चकती यांत अंतर धरा ८ सेंटिमीटर. ४०० भागिले ८, म्हणजे ५०. ढोबळमानानं ५० किलोचा दाब एका कडेवर खाली, आणि तेवढाच त्या छोट्या चकतीखाली वर. आर्मचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. ८ किलोच्या मॉनिटरनं टेबलाला ५० किलोचा चिमटा बसतो, तो असा.

आता टेबल कशाचं आहे बघा.

आजोबांच्या काळातलं सागवानी टेबल किंवा सुताराकडून करून घेतलेलं १९ मिलिमीटर प्लायचं टेबल असेल तर काळजी नाही. फक्त सनमायकावर वळ उठू नये म्हणून मधे रबर किंवा जाड पुठ्ठा घाला.

ऑनलाइन आलेलं, स्क्रू पिळून जोडायचं टेबल बहुतेक पार्टिकल बोर्डचं असतं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी. ती वरून येणारं वजन पेलते, पण एका बिंदूवरच्या दाबानं चुरते. पावसाळ्यात ओल धरली की आणखी लवकर. अशा टेबलाला खालून आणि वरून दोन्हीकडं पत्रा हवा. तयार पट्ट्या मिळतात. नाहीतर उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ४-५ मिलिमीटर जाडीची, साधारण २० बाय १० सेंटिमीटरची लोखंडी प्लेट कापून घ्या. कडा घासून घ्यायला विसरू नका. दाब पसरला की फळी टिकते.

काही टेबलं वरून जाड दिसतात, पण आत पुठ्ठ्याची जाळी असते. बोटानं ठोकून बघा, पोकळ आवाज येईल. त्याला आर्म लावू नका, पत्रा लावूनही नको. आणि काचेच्या टेबलाला तर कधीच नाही. मग पत्रा असो, रबर असो, की विकणाऱ्यानं कितीही सांगितलेलं असो.

टेबलाखाली वाकून बघा. मागच्या कडेला लोखंडी दांडी, आडवी फळी किंवा ड्रॉवर असेल तर शिकंज्याला जागाच नाही. कडेपासून आत किमान ८-१० सेंटिमीटर सपाट जागा हवी. टेबलाची जाडी मोजा. आर्म किती जाडीपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. कडेला जागा नसेल तर फळीला भोक पाडून बोल्टनं बसवायचा प्रकार असतो. लाकडी टेबलात तो जास्त पक्का बसतो, पण भोक कायमचं.

भिंतीचंही बघा. मॉनिटर मागं ढकलला की आर्मचं कोपर टेबलाच्या मागं बाहेर येतं. टेबल भिंतीला चिकटून असेल तर कोपर भिंतीला अडतं आणि पडदा हवा तेवढा मागं जात नाही. १५-२० सेंटिमीटर जागा सोडता येईल का, हे आधी ठरवा. "मग भिंतीलाच लावू" असं वाटेल. सिमेंट-विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत हरकत नाही, पण जुन्या घरांच्या मातीच्या भिंतीत खुंट्या धरत नाहीत.

पाचवं : उंची, कारण शेवटी हे मानेसाठीच आहे

खुर्चीत नेहमीसारखं बसा आणि टेबलापासून डोळ्यापर्यंत उंची मोजून घ्या. पडद्याची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. समजा डोळा टेबलापासून ४५ सेंटिमीटरवर आहे. ३२ इंची नेहमीच्या पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर. म्हणजे त्याचा मध्य टेबलापासून २५ सेंटिमीटरवर हवा. आर्म किती वर जातो हे सगळे बघतात. मोठ्या पडद्याला तो किती खाली येतो हे जास्त महत्त्वाचं. काही आर्म २५ पर्यंत खाली येतच नाहीत, आणि मग दिवसभर मान वर करून बसावं लागतं. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांनी पडदा याहूनही खाली ठेवावा. चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायला त्यांची मान आपोआप मागं जाते, आणि संध्याकाळी दुखते.

अंतर साधारण हातभर. ३२ इंची पडदा त्याहून थोडा लांब चालतो. टेबल अरुंद असेल तर आर्मचा खरा फायदा इथंच आहे.

बसवताना

दोघं असा. मॉनिटर गादीवर किंवा दुमडलेल्या चादरीवर पालथा ठेवून पट्टी लावा. स्क्रू हातानं सुरू करा. मधेच अडला तर जोर लावू नका, लांबी चुकली असेल. एकानं मॉनिटर धरायचा, दुसऱ्यानं अडकवायचा. मग अॅलन कीनं स्प्रिंगचा जोर कमी-जास्त करा. पडदा खाली येत असेल तर अधिकच्या खुणेकडं, वर जात असेल तर उण्याकडं. केबल आर्मसोबत फिरणार, म्हणून नेहमीपेक्षा हातभर लांब घ्या. आखडलेली केबल पोर्ट खराब करते.

सगळ्यात मोठा धोका मॉनिटर काढताना असतो. आर्म खाली दाबलेला असताना मॉनिटर काढला तर वजन जाताच आर्म फटकन वर उसळतो, आणि समोर वाकलेल्याच्या हनुवटीवर किंवा डोळ्यावर बसतो. आधी आर्म पूर्ण वर न्या, मगच मॉनिटर काढा. घरात लहान मुलं असतील तर रिकामा आर्म टेबलावर तसाच ठेवू नका.

सगळ्यांना लागतोच का?

नाही. पडदा एकदा लावून परत हलवायचा नसेल तर स्प्रिंग नसलेला, खांबावर स्क्रूनं उंची पक्की करायचा साधा स्टँड स्वस्त पडतो, आणि त्यात गॅस कमी होण्याची भानगडही नाही. मॉनिटरच्याच स्टँडला उंची कमी-जास्त करता येत असेल आणि टेबल रुंद असेल तर तेही पुरे. ज्यांना दोन माणसांनी एकच टेबल वापरायचंय, पडदा उभा-आडवा करायचाय, किंवा उभं राहून काम करायचंय, त्यांना आर्म खरोखर उपयोगी.

घ्यायचा ठरलाच तर एका चिठ्ठीवर एवढं लिहून मग ऑर्डर द्या : मॉनिटरचं स्टँडशिवायचं वजन, भोकांचं माप, टेबलाची जाडी आणि ते कशाचं आहे, मागं भिंतीपर्यंतची जागा, टेबलापासून डोळ्याची उंची. बिल घ्या, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोका टाकू नका. बसवल्यावर पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा टेबलाखाली हात घालून शिकंजा सैल झाला नाही ना, आणि कडेला चीर किंवा फुगवटा नाही ना, हे बघा. चीर दिसली तर पत्रा घालून बघू म्हणत थांबू नका. त्याच दिवशी मॉनिटर उतरवून परत जुन्या स्टँडवर ठेवा. म्हणून तो जुना स्टँडही भंगारात देऊ नका.