पत्रा गुदमरतो तिथे

जुनी गाडी रॅम्पवर चढवली की डेंटर खालून टॉर्च मारतो आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक कुठे कुठे टोचून बघतो. ते कुठे टोचतो, हे बघण्यासारखं असतं. चाकाचं पाणी रोज ज्यावर उडतं, त्या उघड्या, सपाट भागावर तो वेळ घालवत नाही. मडगार्डच्या आतल्या दुमडीत चिखलाचा थर बसून दगडासारखा झालेला असतो. तो थर खरवडून डेंटर तिथे टोचतो आणि पुष्कळदा टोक आरपार जातं.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. मग हवा आणि पाणी दोन्ही भरपूर मिळणारा पत्रा धड राहतो आणि चिखलाखाली हवेपासून लपलेला पत्रा सडतो, हे कसं?

या कोड्याचं सुंदर उत्तर केंब्रिजमधल्या युलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात पाण्याच्या एका थेंबात दाखवलं. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पट्टीवर त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात दोन रसायनं मिसळलेली होती. लोखंड विरघळू लागलं की एक निळं होतं आणि अल्क तयार झाला की दुसरं गुलाबी. थोड्या वेळाने थेंबाचा मध्यभाग निळा झाला, कड गुलाबी झाली आणि दोन्हींच्या मधोमध गंजाचं तपकिरी कडं उमटलं.

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो. तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी मात्र तो कमी पडतो. एवढ्याशा फरकाने एकाच पट्टीवर वीजघट तयार होतो. जिथे ऑक्सिजन भरपूर, तिथे तो इलेक्ट्रॉन मागतो. ते पुरवावे लागतात ऑक्सिजन कमी असलेल्या भागातल्या लोखंडाला. इलेक्ट्रॉन पट्टीतून वाहत कडेकडे जातात आणि ते देणारं लोखंड मध्यभागी विरघळत राहतं. झीज होते एका जागी आणि तांबूस गंज साचतो दुसऱ्या जागी. म्हणजे डोळ्यांना जिथे लाल दिसतं, तिथेच पत्रा सर्वांत जास्त खाल्ला गेलाय असं नाही.

गाडीखालच्या चिखलाच्या गोळ्याखाली हाच थेंब वर्षानुवर्षं बसलेला असतो. शिवाय तिथला हिशोब फार अन्यायाचा आहे. आजूबाजूचा ओला, हवेशीर पत्रा मोठा आणि चिखलाखालचा तुकडा बोटभर. साऱ्या परिसराची मागणी त्या बोटभर जागेने पुरवायची. गाडीचा पत्रा असतो जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे तिथे भोक पडायला फार काळ लागत नाही.

हा खेळ पनवेलमध्ये जास्तच रंगतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की पोलादाच्या गंजण्याचा वेग एकदम वाढतो. पनवेलच्या पावसाळ्यात ती त्याखाली क्वचितच उतरते. त्यात खाडीचा खारा वारा. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिथल्या गाड्या गंजतात. आपल्याकडे मीठ कुणी टाकत नाही, पण पनवेल-उरण-पेणचा हा पट्टाच मिठागरांचा. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं आणि त्या ओलाव्यातून वीज सहज वाहू देतं, म्हणजे गंजाला दोन्ही बाजूंनी मदत.

पनवेलच्या एमएच-46 पाटीची पंधरा वर्षं झालेली खासगी गाडी पुन्हा नोंदवायची तर आरटीओची तपासणी आलीच, आणि तेव्हा बऱ्याच मालकांना गाडीच्या पोटाची पहिल्यांदा आठवण होते. हे पोट नुसतं झाकण नसतं. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली सुरू केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, बाहेर पडली, तिला ट्रकसारखी वेगळी चासी नव्हतीच. तळाचा पत्रा, कडेच्या पोकळ पट्ट्या आणि वरचा सांगाडा मिळूनच तिचं बळ. आजच्या बहुतेक मोटारीही अशाच असतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, 30 ऑक्टोबर 2023 पासून, काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. हौसेने सांभाळलेल्या खासगी पद्मिनी अजून आहेत. इंजिनचे भाग शोधून मिळतात, करून घेता येतात. तळ सडला तर मात्र गाडीच उभी राहत नाही.

मग तळाला रंग लावायचा. इथे दुसरं आश्चर्य भेटतं. रंगाचा थर पाणी आणि हवा अडवतो, अशी आपली समजूत असते. केंब्रिजमध्येच जे. ई. ओ. मेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मोजून दाखवलं की रंगाच्या थरातून पाणी आणि ऑक्सिजन इतके पाझरतात की उघडं पोलाद जेवढं गंजतं तेवढ्याला ते पुरावेत. तरीही रंगवलेलं पोलाद टिकतं. कारण रंग अडवतो ती वीज. पाण्याचे रेणू आत शिरतात, मिठाचे विद्युतभारित कण सहजी शिरत नाहीत, आणि त्यांच्यावाचून त्या थेंबातला वीजघट पुरा होत नाही.

म्हणून रंगाखाली मीठ राहिलं तर सारं उलटतं. मग वीजघटाचं सामान आधीच आत असतं. शिवाय ते मीठ बाहेरचं पाणी रंगातून आत खेचतं आणि थराला फोड येतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे पुढे रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून वर येतो. महागड्या डब्यापेक्षा आधी गोड्या पाण्याने केलेली कसून धुलाई आणि मग पुरतं वाळवणं मोलाचं ठरतं, ते यामुळे.

गंज थोपवणाऱ्या रंगांची कुळकथाही आपल्या ओळखीची आहे. तेलात कालवून वेशीवरच्या मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तोच शेंदूर जवसाच्या तेलात घोटून जगभरच्या जहाजांना आणि लोखंडी पुलांना पहिला हात म्हणून देत असत. 1937 साली खुल्या झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलालाही आधी तोच लावला होता. तेल आणि शिसं मिळून साबणासारखी संयुगं होतात आणि ती लोखंडाचं विरघळणं रोखतात. शिसं विषारी म्हणून तो मागे पडला, आणि चांगल्या प्रायमरमध्ये आता झिंक फॉस्फेट ते काम करतं.

गॅरेजमधला रेड ऑक्साइड त्याहून मजेशीर. तो लोखंडाचाच ऑक्साइड, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. पनवेलच्या पूर्वेला दिसणाऱ्या माथेरानच्या माथ्यावरची लाल माती आणि जांभा यांचा रंगही त्याच घराण्यातला. लाखो वर्षांच्या पावसाने तिथल्या काळ्या खडकातलं बरंच काही धुऊन नेलं आणि लोखंड-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे ठेवली. त्या लोखंडाचं जे व्हायचं ते होऊन गेलंय, आता त्याला आणखी गंज चढणार नाही. म्हणूनच त्याची पूड ताज्या लोखंडाला पांघरूण म्हणून चालते.

काही सांदीतला गंज वायर ब्रशने पूर्ण निघत नाही. त्यावर लावायच्या द्रवांत पुष्कळदा टॅनिक आम्ल असतं. सह्याद्रीच्या रानातून गोळा होणाऱ्या हिरड्यातही टॅनिनच असतं, आणि हिरडा व लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो, हे आपल्या रंगाऱ्यांना जुनंच माहीत होतं. पत्र्यावर तेच घडतं. तांबडा गंज बघता बघता निळसर काळा पडतो आणि बराच स्थिर होतो. सुटलेले पापुद्रे मात्र आधी काढावे लागतात, नाहीतर काळं होतं ते नुसतं वरचं साल.

आता सगळ्यात खपणाऱ्या उपायाकडे येऊ, तो म्हणजे काळा, जाड, डांबरी किंवा रबरी अंडरकोट. स्वच्छ, कोरड्या, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर तो खडीचा मार छान झेलतो. पण गंजावर आणि चिखलावरच थापला तर काही वर्षांनी वाळून तडकतो, तड्यांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. वरून तळ काळाभोर, नवा, आणि खाली पत्रा पुन्हा गुदमरलेला. इव्हान्स यांचा थेंब आता आपणच पैसे मोजून आत कोंडलेला असतो. यापेक्षा उघडा पत्रा बरा, तो निदान वाळतो आणि सडला तर दिसतो.

कडेच्या पोकळ पट्ट्यांचं आणि दारांचंही तसंच. त्यांच्या खालच्या अंगाला पाणी निघायला छोटी भोकं ठेवलेली असतात. आत शिरलेलं पाणी त्यांतून गळून जातं आणि हवा खेळती राहते. अंडरकोट मारणाऱ्याच्या घाईत पहिली तीच बुजतात. या पोकळ्यांत जाड रंग पोचत नाही. तिथे नळीने आत फवारायचं, सांदीत सरकत जाणारं मेणाचं द्रव्यच कामाचं. काही ठिकाणी जळालेलं इंजिन ऑइल खालून मारतात. सांदीत तेही शिरतं, पण रबरी बुश फुगवतं आणि ब्रेकवर उडालं तर जिवाशी खेळ होतो.

पनवेलमध्ये या कामाला मुहूर्त दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांचा. पावसाळा तोंडावर आला म्हणून मेअखेर घाई केली, तर दमट, खाऱ्या हवेत पत्रा धड वाळत नाही. आधी चिखल खरवडावा, गोड्या पाण्याने धुवावं, एक-दोन दिवस उन्हात वाळवावं. मग गंज घासून प्रायमर, त्यावर कोट आणि पोकळ्यांत मेण. काम झालं की गाडी खाली उतरवण्याआधी टॉर्च घेऊन स्वतः खाली वाका. तळ कुठेही न तुटता काळाकुळकुळीत दिसला तर खूश होऊ नका. पाणी निघायची भोकं मोजा, बुजलेली असतील ती समोर उभं राहून उघडून घ्या, आणि मगच पैसे द्या.