नव्या जमिनीतील जुनी झाडे

वसतिगृहालगतची जमीन शाळेच्या ताब्यात आली, तेव्हा बहुतेकांचे मत असे पडले की, पावसाळ्यापूर्वी यंत्र लावून ती सपाट करावी आणि मग नव्याने झाडे लावावीत. ऐन फाल्गुनात तेथे वाळलेले गवत व उघड्या फांद्या यांखेरीज फारसे काही दिसत नव्हते. तथापि तेथे आधीपासून काय उभे आहे, हे प्रथम जाणून घ्यावे असा आग्रह आम्ही धरला. त्याची कारणे येथे मांडीत आहोत.

आपल्याकडील पानझडी वृक्ष उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतात. जमिनीत ओल कमी असताना पानांवाटे जाणारे पाणी त्यामुळे वाचते. म्हणून निष्पर्ण झाड मेलेलेच असते असे नाही. कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास झाड जिवंत आहे असे समजावे.

झाडांची ओळख पटण्यास वसंत ऋतू फार सोयीचा. फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर पानांविना फुलतात. पळस व पांगारा या दोहोंच्या पानास तीन पर्णिका असतात. मात्र पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात, पळसाला नसतात. काटेसावरीच्या खोडावर शंकूच्या आकाराचे काटे दिसतात. चैत्रात पिंपळाला, म्हणजेच आपल्या बोधिवृक्षाला, तांबूस पालवी फुटते, कडुनिंब मोहरतो. बहावा गतवर्षीच्या लांब, काळपट शेंगांवरून ओळखता येतो. वैशाखात त्याला पिवळे घोस लोंबू लागतात.

एवढे पाहूनही नोंद अपुरीच राहते. कळलावी व पांढरी मुसळी यांचा जीव उन्हाळ्यात जमिनीखाली असतो. पाऊस पडल्यावरच त्यांचे कोंब वर येतात. कळलावीचा कंद विषारी आहे; म्हणून ती कोठे उगवते हे मुलांना ठाऊक असणे अत्यंत आवश्यक आहे.

या विचाराला धम्माचा आधार आहे. भिक्खूंनी वनस्पतींचा नाश करू नये, असा नियम विनयपिटकात आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरतात आणि हिरवे तृण व लहान जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार झाल्यावर तथागतांनी वर्षावासाची प्रथा घालून दिली.

मुलांना खेळण्यास मैदान हवे, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. ते आश्विनात, नोंद पुरी झाल्यावर आखावे आणि जिवंत झाडे राखून आखावे, एवढेच आमचे म्हणणे. तोवर प्रत्येक जिवंत झाडाच्या खोडावर चुन्याचा पट्टा ओढून क्रमांक घालण्याचे काम चालू राहील. ज्या पालकांना, विशेषतः ज्या माता-आजींना, रानभाज्यांची व झाडांची गावाकडील नावे ठाऊक आहेत, त्यांनी आषाढात एक दिवस अवश्य यावे. त्यांनी सांगितलेली नावे विद्यार्थी आपल्या वहीत उतरवून घेतील.