पावसाचा थेंब आणि बीएस्सीचे पहिले वर्ष

टोकावडे हे मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. त्यामुळे बारावीनंतर विज्ञान शिकणारी इकडची बरीच मुले-मुली पहाटे उठून एसटी धरतात आणि मुरबाड किंवा कल्याण गाठतात. प्रवासाची त्यांना सवय होते. अडखळतात ती वर्गात, आणि तेही एका ठराविक विषयापाशी. तो विषय म्हणजे मेकॅनिक्स, मराठीत यामिकी : बल, गती आणि ऊर्जा यांचा अभ्यास. बारावीत फिजिक्सला चांगले गुण मिळवणारी मुलेही ‘सर फळ्यावर काय लिहितात तेच कळत नाही,’ असे म्हणू लागतात. घरच्यांना वाटते, मूल कॉलेजात जाऊन बिघडले. बहुतेक वेळा तसे नसते. अडचण वेगळीच असते, आणि ती पालकांनी समजून घेण्यासारखी आहे.

शाळेत गतीची तीन समीकरणे शिकवली जातात. आकडे घातले की उत्तर येते. पण ती समीकरणे फक्त त्वरण कायम असते तेव्हाच खरी ठरतात. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षी प्रश्न बदलतो : त्वरणच दर क्षणाला बदलत असेल तर? इथे पाठांतर संपते आणि कॅल्क्युलस, म्हणजे कलनशास्त्र, सुरू होते.

कॅल्क्युलस हा शब्द ऐकून दचकू नये. समजा एसटीने २० किलोमीटर अंतर ४० मिनिटांत कापले. सरासरी वेग झाला ताशी ३० किलोमीटर. पण गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबली होती आणि मोकळ्या रस्त्यावर पळत होती. मग नेमक्या एका क्षणी वेग किती होता? सरासरी हे सांगू शकत नाही.

आता एक दगड वरून सोडा. तो पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. सोडल्यापासून बरोबर १ सेकंदाने त्याचा वेग किती असेल? १ ते १.१ सेकंद या काळातला सरासरी वेग काढला तर सेकंदाला १०.२९ मीटर येतो. काळ आणखी लहान करून १ ते १.०१ घेतला तर ९.८४९. १ ते १.००१ घेतला तर ९.८०४९. काळ जितका लहान, तितके उत्तर ९.८ च्या जवळ सरकते. तोच त्या क्षणाचा वेग. याला अवकलन म्हणतात. अशा बारीक-बारीक क्षणांचे तुकडे पुन्हा जोडून एकूण अंतर काढणे म्हणजे संकलन. पहिल्या वर्षाचे मेकॅनिक्स या दोन पायांवर उभे आहे. दहावीतली हुशार मुलगी वहीवर हा हिशेब करून पाहू शकते.

मग याचा उपयोग काय, असे घरात विचारले जाते. आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. माळशेजचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. एक किलोमीटर उंचीवरून पडणाऱ्या थेंबाला हवेने अडवले नसते, तर शाळेच्या समीकरणाने तो जमिनीजवळ सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने आला असता. त्या माऱ्यात भाताचे रोप उभे राहिले नसते. प्रत्यक्षात मोठ्यातला मोठा थेंबही सेकंदाला सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटरच्या आसपासच वेग घेतो. कारण वेग वाढला की हवेचा विरोधही वाढतो. त्वरण क्षणाक्षणाला घटत जाते आणि विरोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. त्वरण बदलते आहे, म्हणून शाळेची तीन समीकरणे इथे चालत नाहीत, कॅल्क्युलस लागते. पावसाला आपण रहमत म्हणतो. त्या रहमतीत किती नेमका हिशेब भरला आहे, हे समजून घेणे हेसुद्धा इल्मच आहे.

‘हे आपल्या लोकांचे काम नव्हे,’ असे मुलांच्या मनात कोणी भरवत असेल तर त्यांना इतिहास सांगा. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी चौथ्या घातांची बेरीज करून एका वक्र घनाकृतीचे घनफळ काढले. संकलनाच्या वाटेवरचे ते फार जुने पाऊल आहे. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांची ‘तात्कालिक गती’ मांडली, म्हणजे त्या क्षणाची गती. त्यांच्या घराण्याची आठवण सांगणारा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यांच्या ‘लीलावती’चा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केला. ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात असेच जात आले आहे.

खरी अडचण भाषेची आहे. उर्दू शाळेतले मूल ‘इसराअ’ शिकते, मराठी शाळेतले ‘त्वरण’ शिकते, आणि अकरावीत दोघांसमोर ‘अ‍ॅक्सिलरेशन’ येते. शब्द नवा असतो, कल्पना तीच असते. पण हे सांगायला कोणी नसले की मुलाला सगळेच नवे वाटते. त्यात पहिल्या वर्षी नवे गणितही सामोरे येते. दोन ओझी एकदम पडतात आणि मूल स्वतःला ‘ढ’ समजू लागते. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही भाषांतले शब्द शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत : कुव्वत, बल, फोर्स, कमियत, वस्तुमान, मास. एनसीईआरटीची अकरावीची भौतिकशास्त्राची पुस्तके उर्दूतही आहेत आणि संकेतस्थळावर मोफत मिळतात. इंग्रजीत वाचलेला धडा एकदा उर्दूत वाचला की गाठ सुटते. एच. सी. वर्मा यांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’चे दुसरे प्रकरण भौतिकशास्त्राला लागणाऱ्या गणिताचेच आहे. बारावीनंतरच्या सुट्टीत तेवढे एक प्रकरण पक्के केले तरी जूनमधली घबराट पुष्कळ कमी होईल.

मात्र या सगळ्याआधी एक निर्णय घरात होतो, दहावीच्या निकालानंतर. ‘गणित जड जाते ना? मग सोड, बायोलॉजी घे.’ मुलींच्या बाबतीत हे फार सहज बोलले जाते. डॉक्टर व्हायची ओढ असेल तर बायोलॉजी जरूर घ्यावे. पण केवळ भीतीपोटी गणित सोडले, तर एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट हातचा जातो आणि त्याबरोबर अभियांत्रिकीची वाट. बीएस्सीत भौतिकशास्त्र घेतलेच, तर पायाच नसतो. ज्यांचे नक्की ठरलेले नाही, त्यांनी गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवावेत. कष्ट जास्त आहेत, पण दोन्ही दारे उघडी राहतात.

खर्चाची काळजीही खरी आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे लागते. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत मोडतात. दाखले वेळेवर काढून ठेवा. जूनमध्ये तहसील कचेरीत गर्दी असते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, हेही लक्षात असू द्या.

पालकांना कॅल्क्युलस येण्याची गरज नाही. एवढेच करा : पहिल्या सत्रात गुण कमी आले तर लगेच ‘सोडून दे’ म्हणू नका. आठवड्यातून एकदा मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि वर्गात शिकलेली एक गोष्ट घरच्या बोलीत समजावून सांगायला लावा. जिथे त्यांना सांगता येणार नाही, तिथेच त्यांचे अडले आहे. दुसऱ्या दिवशी सरांना नेमके तेच विचारायला सांगा. अम्मीला समजेल असे सांगता आले की परीक्षेतही लिहिता येते.