स्थूलता : औषध कीं शस्त्रक्रिया ?

काशीदच्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठीं खोल्या चालविणारा माझा एक जुना विद्यार्थी परवां घरीं आला. "गुरुजी, डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनें घ्या किंवा पोटाची शस्त्रक्रिया करून घ्या. तुमचा काय विचार ?" मी वैद्य नव्हें, मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. परंतु गणित मांडून पाहण्यास हरकत नव्हती. वजन १०४ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागिलें कीं निर्देशांक येतो : ३८. शिवाय मधुमेह आहेच.

श्रोतेहो, पाश्चात्त्य देशांत स्थूलतेची रेषा ३० वर आंखतात, आपल्याकडे २५ वर. यांतील मर्म पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें एका छायाचित्रानें दाखविलें. चित्रांत ते स्वतः व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन. दोघांचाहि निर्देशांक २२.३, परंतु शरीरांतील मेद युडकिनांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ ! म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानें आशियाई लोकांस २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा ठेविला आहे.

आतां औषधाकडे वळूं. आपण जेवलों म्हणजे आंतड्यांतून जी. एल. पी. १ नांवाचा अंतःस्राव रक्तांत उतरतो. तो मेंदूस ‘पुरे’ म्हणून कळवितो व जठर रितें होण्याचा वेग मंद करितो. हा स्राव कांहीं मिनिटांतच नाश पावतो. सेमाग्लुटाइड ही त्याची दीर्घायुषी नक्कल असल्यामुळें आठवड्यास एक टोचणें पुरतें. २०२१ च्या प्रयोगांत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलें. टिर्झेपटाइडच्या मोठ्या मात्रेनें ७२ आठवड्यांत सुमारें २१ टक्के. मधुमेह्यांत मात्र घट याहून कमी होते. मळमळ, वांति, मलावरोध हे त्रास आहेतच. आणि सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनापैकीं दोन-तृतीयांश परत आलें. म्हणजे हें औषध रक्तदाबाच्या गोळीसारखें. बरें वाटलें म्हणून सोडावयाचें नव्हे.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत जठराचा पाऊण हिस्स्याहून अधिक भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करितात. दुसऱ्यांत जठराची लहानशी पिशवी करून ती पुढील आंतड्यास जोडतात. ही पद्धत अमेरिकेंत १९६६ पासूनची. पोट लहान झालें म्हणून माणूस बारीक होतो, असें आपण समजतों. तें अर्धेंच खरें. अन्न आंतड्याच्या खालच्या भागीं लवकर पोंचल्यामुळें तोच जी. एल. पी. १ स्राव भरपूर सुटूं लागतो. वजन उतरण्याआधींच पुष्कळांची साखर खालीं येते, ती कांहीं अंशीं यामुळें ! सुई जें बाहेरून घालते, तेंच शस्त्र आंतून उत्पन्न करवितें. घट २५ ते ३० टक्के, आणि ती वर्षानुवर्षें बरीचशी टिकते. परंतु काढलेलें जठर परत बसवितां येत नाहीं. शिवण पाझरण्याचा धोका थोडा, पण असतो. आणि लोह, कॅल्शियम, ब-१२ जीवनसत्त्व हीं जन्मभर घ्यावीं लागतात. गोळी दोहींकडेहि सुटत नाहीं. फक्त ती निराळी असते.

आमच्या गांवीं आणखी एक प्रश्न. न उघडलेलें इंजेक्शन शीतपेटींत ठेवावें लागतें, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या पट्ट्यांत अनेक दिवस वीज नव्हती. शहरांतील श्रोत्यांस ही अडचण क्षुल्लक वाटेल.

निर्देशांक ३८, मधुमेह आणि वय अवघें ४४. मीं माझा कल शस्त्रक्रियेकडे असल्याचें स्पष्ट सांगितलें. निर्णय त्याचा व डॉक्टरांचा. तो म्हणाला, "मग जूनमध्यें करतों, तेव्हां पाहुणे नसतात." मीं म्हटलें, "पहिले कांहीं महिने तपासणीसाठीं वरचेवर मुंबईस जावें लागेल, आणि पावसाळ्यांत मांडव्याहून गेटवेच्या लाँचा बंद असतात." त्यानें आतां फेब्रुवारी ठरविला आहे. त्या महिन्याच्या खोल्या त्याच्या धाकट्या भावानें संभाळावयाच्या आहेत.