म्हैस विकल्यावर

फेब्रुवारी २०११. जनगणनेसाठी गावातलेच एक गुरुजी आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरी आले होते. ओसरीवर बसून ते एकेकाची माहिती विचारीत होते. “आई काय करतात?” मी म्हणालो, “काही नाही, घरीच असते.” आई आत त्यांच्यासाठीच चहा टाकत होती. तिने ऐकले असणार.

पुढे जनगणनेच्या व्याख्या वाचायला घेतल्या, तेव्हा त्या उत्तराची बोच वाढली. घरच्या खाण्यापुरती शेती केली किंवा घरच्यापुरते दूध काढले, तरी जनगणना ते ‘काम’ धरते. त्याच दुधाचा चहा करणे, भांडी घासणे, नातवाला दूध पाजणे हे मात्र काम नव्हे. २००१ साली आमच्या दावणीला म्हैस होती. ती आईच पिळायची. म्हणजे व्याख्येप्रमाणे तेव्हा आई ‘काम करणारी’ होती. पुढे म्हैस विकली आणि ती ‘काम न करणारी’ झाली. तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, तो तसाच राहिला.

ही विसंगती कारकुनी चूक नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतच अशी रेघ आखलेली आहे. घरच्यासाठी पिकवलेली वस्तू हिशेबात येते. घरच्यांसाठी घरच्याच माणसाने केलेली सेवा येत नाही. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका आठवून पाहा. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त त्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाचा रस्ता मोकळा करून दिला. त्या बायका एकाच परातीत कणीक मळत. त्यातली गिऱ्हाइकाच्या ताटातली पोळी देशाच्या उत्पन्नात धरायची, नवऱ्याच्या ताटातली नाही.

या कामाची किंमत रुपयांत ठरते ती बहुधा बाई गेल्यावर, नुकसानभरपाईच्या दाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या एका परिशिष्टात न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या एकतृतीयांश धरण्याची तरतूद होती. म्हणजे साहेबाच्या बायकोचा स्वयंपाक महाग आणि शिपायाच्या बायकोचा स्वस्त! १९८९च्या जमशेदपूरमधील आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मूल्य महिना ३,००० रुपये धरले. २०१० साली अरुणकुमार अगरवाल खटल्यात अडीच लाखांची भरपाई सहा लाखांवर नेताना न्या. गांगुली यांनी जनगणनेलाच धारेवर धरले. गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीला बसवल्याबद्दल. २०२१च्या कीर्ती खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. गृहिणीचे उत्पन्न मानीव असले, तरी नोकरदाराप्रमाणे त्यातही भावी वाढ धरली पाहिजे, असे ठरले.

त्या निकालात न्या. रमणा यांनी २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला होता. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. शिवाय हे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के होते, पुरुषांत अवघे २६.१. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटांवर आले. बायकांची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. तेव्हा ती पुरुषांनी उचलली, असे म्हणायला जागा नाही.

घरकामाला पगार लावावा की नाही, यावर मतभेद आहेत. पगाराने ते काम बाईच्याच गळ्यात कायमचे पडेल, ही भीती मलाही वाटते. पण मोजणे आणि पगार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे मोजलेच जात नाही, त्याची वाटणी कशी मागायची? वाडीत नळ यावा, गावात पाळणाघर निघावे, म्हातारपणी हाती काही पडावे, या मागण्यांनाही आधी मिनिटांचा हिशेब लागतो.

आई आता नाही. पुढच्या जनगणनेत ओसरीवरचा तो प्रश्न माझ्या बायकोबद्दल असेल. व्याख्या बदलणे माझ्या हातात नाही. ‘काही नाही’ हे दोन शब्द मात्र व्याख्येत नव्हते. ते माझे होते. या खेपेला गुरुजींना मी म्हणेन, आत जाऊन तिलाच विचारा. तोवर चहा मी टाकतो.