लायका एम३ला भिंग कोणतं?
१९५४च्या लायका एम३साठी भिंग निवडताना आधी व्ह्यूफाइंडर पाहावा. भिंगाची कीर्ती नंतर. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात भिंगातून दिसत नाही. खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस जुळतो, आणि भिंग बदललं तरी दृश्य तेवढंच राहतं. बदलते ती चौकट. एम३मध्ये दृश्य सुमारे ०.९ पट, जवळजवळ नजरेइतकंच दिसतं. त्यात ५० मिमीची चौकट कायम असते. ९० आणि १३५च्या चौकटी भिंगानुसार उमटतात, आणि १३५ची तर इवलीशीच. म्हणून ५० मिमी. रस्त्यावर ३५ हवं, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी एम२ आहे. एम३वर ३५साठी वेगळा व्ह्यूफाइंडर किंवा चष्मा चढवलेलं भिंग लागतं. चालतं, पण सुटसुटीतपणा जातो.